गाणे एकाचे, मालकी दुसऱ्याची

लिव्हरपूल हे नाव मुंबईकरांस परके नाही. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेतील यादवी युद्धामुळे तिकडच्या दक्षिणी राज्यांचा कापूस लँकेशायरच्या गिरण्यांना मिळेनासा झाला आणि लिव्हरपूलच्या बाजारातील भावाकडे मुंबईची पेढी न पेढी डोळे लावून बसू लागली. शेअरांचा तो प्रसिद्ध सट्टा आणि १८६५ मधील ती दाणादाण यांचे मूळ त्या दूरच्या बंदरात होते. वऱ्हाड-खानदेशातील शेतकऱ्याच्या घामाचे मोल त्याने कधी न पाहिलेल्या गावी ठरत होते. त्याच लिव्हरपूलच्या कापूसबाजारात विसाव्या शतकात जिम मॅकार्टनी नावाचे एक गृहस्थ विक्रेत्याची नोकरी करीत असत. १९२० च्या दशकात त्यांनी स्वतःचा हौशी जॅझ वाद्यवृंदही काढला होता. दिवसा कापूस विकावयाचा आणि रात्री नृत्यगृहांतून वाजवावयाचे, असा त्यांचा क्रम. माल पिकविणारा एक, त्याचा भाव ठरविणारा दुसरा आणि नफा घेणारा तिसरा, ही कापसाची रीत गाण्यालाही लागू पडते, हे त्यांच्या थोरल्या मुलाच्या आयुष्याने जगाला दाखवून दिले. त्या मुलाचे नाव पॉल मॅकार्टनी.

१८ जून १९४२ रोजी जन्मलेल्या या संगीतकाराच्या कीर्तीविषयी नव्याने काही सांगण्याची आवश्यकता नाही. ‘बीटल्स’ या चौकडीतील तो एक. जॉन लेननसह तिच्या बहुसंख्य गीतांचा तो जनक. १९६८ मध्ये हे चौघे महर्षी महेश योगी यांच्या हृषीकेश येथील आश्रमात येऊन राहिले होते, एवढे तर ज्यांना पाश्चात्त्य संगीताचे वावडे आहे त्यांनाही ठाऊक असते. परंतु त्याच्या चरित्राची दुसरी एक बाजू आहे आणि ती अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याने मुद्दाम अभ्यासावी अशी आहे. ज्या गीतांनी त्याला जगद्विख्यात केले त्यांची मालकी त्याने वयाची सत्तावीस वर्षे पुरी होता होता गमावली. आणि ज्या दुसऱ्या एका गायकाच्या गीतांनी त्याला गीतकार बनविले, त्या गीतांचा तो पुढे मालक झाला. हा दैवदुर्विलास नव्हे. बाजार आणि कायदा यांच्या नेहमीच्या व्यवहारातूनच हे घडले.

उसने सूर

मॅकार्टनींचे घर सांपत्तिकदृष्ट्या बेताचेच होते. आई मेरी परिचारिका आणि सुईण होती; तिच्या नोकरीचा संसाराला मोठा आधार होता. घरात एक पियानो होता आणि वडील कानाने ऐकून त्यावर जुन्या चाली वाजवीत. संगीताची लिपी त्यांना येत नव्हती, मुलालाही ती कधी आली नाही. चौदाव्या वाढदिवसाला वडिलांनी पॉलला ट्रंपेट दिला. तोंडात ट्रंपेट असता गाता येत नाही, हे ध्यानात येताच त्याने वडिलांच्या संमतीने तो देऊन त्याबदली गिटार घेतली. त्याच वर्षी, ऑक्टोबर १९५६ मध्ये, आई कर्करोगाने गेली. पुढे दोन वर्षांनी जॉन लेननची आई मोटारीखाली सापडून मरण पावली. ६ जुलै १९५७ रोजी वूल्टन येथील चर्चच्या जत्रेत ज्यांची गाठ पडली त्या दोन मुलांना जोडणाऱ्या धाग्यांत संगीताइतकाच हा पोरकेपणाही होता.

त्या मुलांना वेड लावणारे संगीत मात्र लिव्हरपूलचे नव्हते. ते अमेरिकेहून तबकड्यांच्या रूपाने येत होते. जॉर्जिया राज्यातील कृष्णवर्णीय गायक लिटल रिचर्ड याची ती गगनभेदी किंकाळी मॅकार्टनीने इतकी आत्मसात केली की, पुढे बीटल्सच्या कार्यक्रमांत ती त्याची खास ओळख झाली. परंतु गीतकार म्हणून त्याला वाट दाखविली ती टेक्सासमधील बडी हॉली या तरुणाने. १९३६ मध्ये जन्मलेला हा चष्मेवाला मुलगा स्वतःची गाणी स्वतः रचीत असे, स्वतः गात असे आणि गिटारही स्वतःच वाजवीत असे. आज यात नवल वाटणार नाही. त्या काळी मात्र गाणी लिहिणारे वेगळे, ती गाणारे वेगळे आणि त्यांना साथ करणारे वेगळे, अशी श्रमविभागणी रूढ होती. हॉलीने ती मोडली. शिवाय त्याची बहुतेक गाणी तीनचार स्वरसंघांवर बेतलेली असत. ती उचलण्यास संगीतशाळेची गरज नव्हती. दोन गिटारी, एक बंद खोली आणि शाळा चुकविण्याचे धैर्य एवढे भांडवल पुरे होते. वडील कामावर गेलेले असताना फोर्थलिन रोडवरील त्या नगरपालिकेच्या घरात लेनन आणि मॅकार्टनी समोरासमोर बसून हेच करीत असत.

हॉली १९५८ च्या मार्च महिन्यात लिव्हरपूलच्या फिलहार्मॉनिक सभागृहात गाऊन गेला. त्याच वर्षी या मुलांनी पर्सी फिलिप्स नामक गृहस्थाच्या घरगुती ध्वनिमुद्रणालयात आपली पहिली तबकडी काढली. खर्च साडेसतरा शिलिंग. एका बाजूस हॉलीचे गाणे आणि दुसऱ्या बाजूस स्वतः केलेले एक गाणे. नक्कल आणि निर्मिती यांचे नाते यापेक्षा स्पष्टपणे कोणत्या ग्रंथाने सांगितले असेल? कला ही आधी उसनवारीतच वाढते. उसने घेतल्यावर त्यात स्वतःची भर घालणारा कलावंत होतो आणि न घालणारा नकलाकार राहतो, इतकाच फरक. ती एकुलती एक तबकडी त्या वेळच्या सोबत्यांपैकी एकापाशी राहिली होती. मॅकार्टनीने १९८१ मध्ये ती विकत घेऊन जपून ठेवली.

३ फेब्रुवारी १९५९ रोजी आयोवा राज्यात विमान कोसळून हॉली मरण पावला. वय अवघे बावीस. ऐन हिवाळ्यात तो त्या खडतर दौऱ्यावर का निघाला होता, याचे उत्तर त्याच्या हिशेबवहीत आहे. त्याचा व्यवस्थापक नॉर्मन पेटी याच्याशी त्याचे फाटले होते. हॉलीच्या अनेक गीतांवर सहलेखक म्हणून पेटीचे नाव होते, गीतप्रकाशनाचे हक्क पेटीच्या संस्थेकडे होते आणि पैसाही त्याच्याच हाती अडकला होता. घरी पत्नीला दिवस गेलेले होते. ज्याची गाणी दोन खंडांत वाजत होती त्याला रोख पैशासाठी बर्फातून हिंडावे लागत होते. लिव्हरपूलच्या मुलांपर्यंत हॉलीची गाणी पोहोचली. हॉलीच्या हिशेबाची गोष्ट मात्र पोहोचली नाही. ती वेळीच पोहोचली असती तर कदाचित पुढचा प्रसंग टळला असता.

एका सहीची किंमत

येथे गाण्याच्या अर्थकारणाचा थोडा खुलासा करणे अवश्य आहे. एका गाण्यात दोन मालमत्ता दडलेल्या असतात. एक, त्या गाण्याचे विशिष्ट ध्वनिमुद्रण. आणि दुसरी, खुद्द ते गाणे, म्हणजे शब्द आणि चाल. तबकडी विकली जाते तेव्हा ध्वनिमुद्रणाबद्दल गायक-वादकांना काही मिळते. १९६२ च्या करारानुसार बीटल्सना दर तबकडीमागे एक पेनी मिळे, तीही वाटून घ्यावयाची. परंतु तेच गाणे दुसऱ्या कोणी गायिले, आकाशवाणीवर लागले, चित्रपटात वा जाहिरातीत वापरले गेले, तर त्याचे उत्पन्न गाण्याच्या मालकाकडे जाते. ते गीतकार आणि प्रकाशक यांच्यात वाटले जाते आणि वापरास परवानगी द्यावयाची की नाही, हे सामान्यतः प्रकाशक ठरवितो. ध्वनिमुद्रण जुने होते, फॅशन बदलते, पण चांगले गाणे जमिनीसारखे असते. त्यातून वर्षानुवर्षे खंड येत राहतो.

ही जमीन लेनन आणि मॅकार्टनी यांनी १९६३ च्या फेब्रुवारीत ‘नॉर्दर्न साँग्ज’ या नव्या कंपनीच्या स्वाधीन केली. कंपनीचा निम्मा हिस्सा प्रकाशक डिक जेम्स आणि त्याचा भागीदार यांचा. लेनन आणि मॅकार्टनी यांना प्रत्येकी वीस टक्के, आणि व्यवस्थापक ब्रायन एपस्टाइन याला दहा टक्के. गाणे कोणाच्या मालकीचे असू शकते हेच त्या वेळी आपणांस ठाऊक नव्हते, असे मॅकार्टनीने पुढे अनेकदा सांगितले आहे.

याला सरळ फसवणूक म्हणणे सोपे आहे, पण न्याय्य नाही. डिक जेम्सने काहीच केले नाही असे नव्हे. दूरचित्रवाणीवरील एक महत्त्वाचा कार्यक्रम त्यानेच या अनोळखी मुलांना मिळवून दिला होता. त्या काळातील गीतप्रकाशनाच्या रूढीशी तुलना करता गीतकारांना कंपनीत हिस्सा देणे हे उदारपणाचेच लक्षण मानले गेले. खरी मेख वेगळीच आहे. करार होतो तेव्हा गाण्याची किंमत कोणालाच ठाऊक नसते. प्रकाशकाजवळ शंभर गीतकार असतात. नव्याण्णव बुडाले तरी एकाच्या यशात त्याचा हिशेब जमतो. गीतकाराजवळ एकच आयुष्य असते. त्याला आज दार उघडून हवे असते आणि वीस वर्षांनंतरच्या उत्पन्नाचे मोल वीस वर्षांच्या मुलाच्या लेखी शून्य असते. अशा दोन पक्षांतील करार कायद्याच्या दृष्टीने स्वेच्छेचा असला, तरी व्यवहाराच्या दृष्टीने बरोबरीचा नसतो. उभ्या पिकावर सावकाराशी सौदा करणाऱ्या कुणब्याची सहीदेखील स्वेच्छेचीच असते.

दोन वर्षांनी, फेब्रुवारी १९६५ मध्ये, ही कंपनी लंडनच्या शेअरबाजारात दाखल झाली. एकंदर पन्नास लाख भागांपैकी साडेबारा लाख भाग ७ शिलिंग ९ पेन्स दराने विक्रीस काढण्यात आले. यामागे करविषयक हिशेब होता. त्या वेळी ब्रिटनमध्ये उत्पन्नाच्या वरच्या थरांवर नव्वद टक्क्यांहून अधिक कर बसे. उलट भांडवली नफ्यावरील व्यापक कर अद्याप यावयाचा होता, तो त्याच वर्षीच्या वित्त कायद्याने आला. उत्पन्नाचे रूपांतर भांडवलात करणे हा तेव्हा शहाणपणाचा मार्ग ठरत होता. पण या शहाणपणाला एक किंमत होती. जी वस्तू बाजारात येते ती कोणीही विकत घेऊ शकतो. दोघा गीतकारांकडे आता प्रत्येकी सुमारे पंधरा टक्के भाग उरले.

१९६७ मध्ये एपस्टाइन वारला आणि चौघांचा व्यवहार पाहणारा कोणी राहिला नाही. मार्च १९६९ मध्ये दोघेही गीतकार आपापल्या नव्या संसारांत गुंतलेले असताना डिक जेम्स आणि त्याच्या भागीदाराने आपले भाग ‘एटीव्ही’ या दूरचित्रवाणी कंपनीस विकले. गीतकारांना आधी विचारण्याचे सौजन्यही दाखविण्यात आले नाही. पुढे काही महिने भाग गोळा करण्याची चढाओढ चालली. त्याच सुमारास मॅकार्टनीने लेननला न सांगता अधिक भाग घेऊन ठेवले होते ही गोष्टही उघडकीस आली आणि आधीच दुरावलेल्या मित्रांत आणखी एक भिंत उभी राहिली. अखेर बाजी एटीव्हीने मारली. वर्ष संपण्यापूर्वी दोघांनी आपले उरलेले भागही विकून टाकले. गीतलेखक म्हणून त्यांचा वाटा त्यांना मिळत राहिला, पण मालकी गेली ती गेलीच.

मालक बदलत गेले

यानंतरची हकिकत एखाद्या इनाम गावाच्या दप्तरासारखी आहे. १९८० च्या दशकाच्या आरंभी मॅकार्टनी आणि मायकल जॅक्सन यांनी काही गीते एकत्र केली. त्या दिवसांत जुन्या गाण्यांचे हक्क विकत घेणे हा पैसा गुंतविण्याचा उत्तम मार्ग आहे, असे मॅकार्टनीनेच त्या तरुण मित्रास समजावून सांगितले. शिष्य हुशार निघाला. ऑगस्ट १९८५ मध्ये जॅक्सनने ४ कोटी ७५ लाख डॉलर देऊन एटीव्हीचा गीतसंग्रह विकत घेतला; त्यात बीटल्सची गाणीही आली. १९९५ मध्ये हा संग्रह ‘सोनी’च्या संग्रहाशी जोडण्यात आला. २०१६ मध्ये, जॅक्सनच्या मृत्यूनंतर सात वर्षांनी, त्याच्या वारसांचा निम्मा हिस्सा सोनीने ७५ कोटी डॉलरना घेतला.

या आकड्यांनी दिपून जाण्यापूर्वी एक प्रश्न विचारावयास हवा. १९८५ ते २०१६ या काळात त्या गाण्यांत एका सुराची तरी भर पडली होती काय? मुळीच नाही. किंमत वाढली ती श्रोत्यांच्या तीन पिढ्यांनी त्या गाण्यांवर जीव लावला म्हणून. या वाढीस कारण झालेले श्रोते आणि रचनाकार हे दोघेही सौद्याच्या बाहेर होते. रिकार्डोने जमिनीच्या खंडाविषयी जे विवेचन केले ते या ठिकाणी तंतोतंत लागू पडते.

प्रश्न केवळ पैशाचा असता तर मॅकार्टनीसारख्या धनाढ्य माणसाविषयी कोणी हळहळण्याचे कारण नव्हते. प्रश्न अधिकाराचाही आहे. १९८७ मध्ये लेननचे एक राजकीय आशयाचे गीत बुटांच्या जाहिरातीत वाजू लागले. लेनन सात वर्षांपूर्वीच मारला गेला होता. हयात सहकाऱ्यांनी नापसंती व्यक्त केली, त्यांच्या कंपनीने दावाही लावला. परंतु गाण्याच्या मालकाने परवानगी दिलेली होती. ज्याने गाणे केले त्याला ‘हे येथे नको’ असे म्हणण्याचा हक्क उरत नाही, तेव्हा त्याने विकले ते नेमके काय, याचा विचार करावा लागतो.

नाण्याची दुसरी बाजूही पाहिली पाहिजे, कारण ती अधिक बोलकी आहे. मॅकार्टनी नुसता रडत बसला नाही. वकील असलेल्या सासऱ्याच्या सल्ल्याने त्याने आपल्या ‘एमपीएल’ या कंपनीमार्फत इतरांची गाणी विकत घेण्यास आरंभ केला. १९७० च्या दशकाच्या मध्यास बडी हॉलीच्या गीतांचे प्रकाशनहक्क त्याच्याकडे आले. पुढे फ्रँक लोसरसारख्या नामवंत नाट्यगीतकाराचा संग्रहही आला. हॉलीच्या बाबतीत त्याचा हेतू निव्वळ व्यापारी नव्हता. १९७६ पासून त्याने दर सप्टेंबरात हॉलीच्या स्मरणार्थ सप्ताह साजरा करण्यास सुरुवात केली आणि हॉलीचे नाव नव्या पिढीपुढे जागते ठेवले. तथापि प्रेमाने घेतलेली मालकीही मालकीच असते. ज्या व्यवस्थेने हॉलीला आणि स्वतः मॅकार्टनीला पोळले, त्याच व्यवस्थेत तो दुसऱ्या टोकाला जाऊन उभा राहिला. दोष देण्यापेक्षा समजून घेण्याची ही गोष्ट आहे. कुळाने जमीन घेतली म्हणून जमीनदारी संपत नाही.

आणि लिटल रिचर्ड? मॅकार्टनीला किंकाळी देणाऱ्या या गायकाने १९५० च्या दशकात आपल्या गीतांचे हक्क नाममात्र रकमेस देऊन टाकले होते. तबकडीमागे त्याला अर्धा सेंट मिळे. त्याचीही गाणी फिरत फिरत एटीव्हीच्याच संग्रहात येऊन पडली होती. १९८४ मध्ये त्याने थकलेल्या रॉयल्टीसाठी दावा लावला आणि तो पुढे न्यायालयाबाहेर मिटला. म्हणजे गुरू आणि शिष्य, कृष्णवर्णीय आणि गौरवर्णीय, दोघांचीही गाणी एकाच खतावणीत, एकाच मालकाच्या नावे. फरक इतकाच की, शिष्याजवळ वकील होते आणि गुरूजवळ ते फार उशिरा आले. १९७३ मध्ये मॅकार्टनी ध्वनिमुद्रणासाठी नायजेरियातील लागोस येथे गेला तेव्हा तेथील थोर संगीतकार फेला कुटी याने, तुम्ही आफ्रिकेचे संगीत चोरावयास आला आहात, असा त्याच्यावर उघड आरोप केला. मॅकार्टनीने आपली ध्वनिमुद्रणे ऐकवून त्याचे समाधान केले. आरोप त्या प्रसंगापुरता निराधार ठरला; परंतु ज्यांचे सूर शतकानुशतके इतरांनी विनामूल्य नेले त्यांच्या मनातील तो संशय निराधार होता असे म्हणता येणार नाही.

वडिलांची चाल

मालकी गेली तरी संगीत गेले नाही, हे या चरित्राचे दुसरे सूत्र होय. संकटाच्या वेळी हा माणूस आपल्या नव्हे, तर पौगंडावस्थेत ऐकलेल्या गाण्यांकडे वळतो, असे दिसते. १९८८ मध्ये त्याने सोव्हिएत संघातील श्रोत्यांसाठी जुन्या रॉक अँड रोल गीतांची खास ध्वनिमुद्रिका काढली. एप्रिल १९९८ मध्ये पत्नी लिंडा कर्करोगाने गेली, ज्या रोगाने आई नेली होती त्याच रोगाने. पुढच्या वर्षी तो ध्वनिमुद्रणालयात परतला तो हीच जुनी गाणी घेऊन, आणि काही दिवसांतच ते मुद्रण उरकले. डिसेंबरात तो लिव्हरपूलच्या कॅव्हर्न क्लबात ती गाऊनही आला. २०१२ मध्ये तर वडील पियानोवर वाजवीत त्या पिढीच्या गाण्यांचा संग्रह त्याने गायिला.

पण या सर्वांत मननीय गोष्ट १९७४ मधील आहे. वडिलांनी फार पूर्वी एक चाल बांधली होती. घरात ती सर्वांना ठाऊक होती. मॅकार्टनीने ती नॅशव्हिल येथे चेट ॲटकिन्ससारखे नामांकित वादक घेऊन ध्वनिमुद्रित केली आणि रचनाकार म्हणून वडिलांचे नाव दिले. तुम्ही लिहिलेले गाणे मुद्रित केले, असे त्याने सांगताच, आपण ते लिहिले नाही, नुसते मनाने जुळविले, असे उत्तर वडिलांनी दिले. ज्याला लिपी येत नाही त्याने गाणे ‘लिहिले’ कसे म्हणावयाचे, अशी त्या कापूसविक्रेत्याची प्रामाणिक शंका होती. जगातील किती शाहीर, किती ओव्या रचणाऱ्या बाया, किती लोकगायक याच शंकेपायी हक्कापासून दूर राहिले असतील! कायदा कागद ओळखतो आणि कागद ज्याच्या हाती त्याला मालक मानतो. वडील १९७६ मध्ये वारले. तत्पूर्वी आपले नाव तबकडीवर पाहण्याचे भाग्य त्यांना लाभले, हे ऋण मुलाने फेडले.

आपला अनुभव

हा सारा परक्या देशातील प्रकार आहे, असे मानून स्वस्थ बसता येणार नाही. ज्यांच्या लावण्यांनी महाराष्ट्रातील तमाशाचे फड दुमदुमले त्या पठ्ठे बापूरावांचे अखेरचे दिवस हलाखीत गेले आणि १९४५ मध्ये त्यांचा अंत झाला, ही गोष्ट मराठी माणसास माहीत आहे. १९६० च्या दशकात पार्श्वगायकांनाही रॉयल्टीचा वाटा हवा, अशी मागणी लता मंगेशकर यांनी केली. मोबदला घेतल्यावर हक्क संपतो, असे महंमद रफी यांचे मत पडले. दोघेही आपापल्या जागी सच्चे होते. परंतु त्या मतभेदापायी काही वर्षे त्यांची युगुलगीते थांबली. १९७७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने असा निर्णय दिला की, विरुद्ध करार नसेल तर चित्रपटासाठी मोबदला देऊन करवून घेतलेल्या गीत-संगीताचा प्रथम मालक निर्माताच होय. त्याच निकालात न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी गायकांनाही हक्क मिळावा, अशी कळकळीची पुस्ती जोडली होती.

हे चित्र बदलावयास पस्तीस वर्षे लागली. जावेद अख्तर यांच्यासारख्यांनी संसदेत आणि संसदेबाहेर नेटाने प्रयत्न केल्यावर १९५७ च्या प्रताधिकार कायद्यात २०१२ मध्ये दुरुस्ती झाली. तिचे मर्म असे की, चित्रपटातील वा ध्वनिमुद्रणातील आपल्या कृतीच्या अन्य वापरावरील रॉयल्टीचा समान वाटा गीतकार व संगीतकार यांना वारस किंवा प्रताधिकार संस्था यांखेरीज कोणासही देऊन टाकता येत नाही. तसा करार केला तरी तो व्यर्थ ठरतो. अमेरिकेच्या १९७६ च्या कायद्यात याच विचाराचे दुसरे रूप आहे: ठरावीक मुदतीनंतर, जुन्या कृतींच्या बाबतीत छप्पन्न वर्षांनी, रचनाकाराला आपला विकलेला हक्क परत मागता येतो. याच तरतुदीच्या आधारे मॅकार्टनीने जानेवारी २०१७ मध्ये न्यूयॉर्क येथे सोनीच्या कंपनीविरुद्ध दावा दाखल केला. काही महिन्यांतच उभयतांत समझोता झाला. त्याच्या अटी गुप्त ठेवण्यात आल्या.

या दोन्ही कायद्यांना करारस्वातंत्र्याचे कैवारी नाके मुरडतील. प्रौढ माणसाने समजून-उमजून केलेला सौदा कायद्याने का मोडावा, हा त्यांचा प्रश्न आहे. त्याचे उत्तर असे की, समाजाने काही हक्क विक्रीयोग्य ठेवलेलेच नाहीत. किमान वेतनाचा हक्क कामगार सोडून देऊ शकत नाही. सोडला तर त्याचा शेजारी कामगारही बुडेल म्हणून. तोच न्याय येथे लागू आहे. शेवटचा एक वाटा विकताच येणार नाही असे ठरले, की तो विकण्याची सक्तीही कोणी करू शकत नाही. दुर्बल पक्षाला ‘नाही’ म्हणता येत नसेल तर त्याच्या वतीने कायद्याने ‘नाही’ म्हणावे लागते. अर्थात कायद्याने काम संपत नाही. हिशेब उघडा नसेल, वसुली करणारी संस्था कार्यक्षम नसेल आणि नवा गीतकार करार वाचणारच नसेल, तर कलम पुस्तकातच राहील.

प्रश्न नव्या रूपाने पुन्हा उभा राहिलेला आहे. लेननच्या एका जुन्या घरगुती ध्वनिफितीतील आवाज यंत्रबुद्धीच्या साहाय्याने पियानोपासून वेगळा काढून नोव्हेंबर २०२३ मध्ये बीटल्सचे एक ‘नवे’ गीत प्रसिद्ध झाले. त्या यंत्राचा उपयोग मॅकार्टनीने आनंदाने केला. पण जानेवारी २०२५ मध्ये, लेखक-संगीतकारांनी स्पष्ट नकार कळविला नसेल तर त्यांच्या कृती यंत्रांच्या प्रशिक्षणासाठी वापरू द्याव्यात, असा प्रस्ताव ब्रिटिश सरकारपुढे असताना त्याने त्यास जाहीर विरोध केला. यात विसंगती नाही. साधन वापरण्यास त्याचा आक्षेप नव्हता. विचारल्याशिवाय घेण्यास होता. १९६३ मध्ये निदान सही तरी घेतली गेली होती. आता सहीचीही गरज नाही असे म्हटले जात असेल, तर साठ वर्षांत आपण पुढे गेलो की मागे, हे ठरविणे कठीण आहे.

मॅकार्टनी २०२५ मध्येही, वयाच्या ८३ व्या वर्षी, दौरे करीत होता. त्याला कोणाच्या दयेची आवश्यकता नाही. या चरित्रातून पाहावयाचे ते त्याच्याकडे नव्हे, तर ज्यांच्यापाशी ना वकील, ना कीर्ती, ना साठ वर्षे थांबण्याची सवड, अशा गीतकारांकडे. कोल्हापूर-नागपूरच्या एखाद्या खोलीत कोणी मुलगा उसन्या सुरात आपली पहिली ओळ मिसळीत बसलेला असेल. त्याला रागदारी शिकविणारे मिळतील, तालही शिकविणारे मिळतील. सही करण्यापूर्वी तो कागद नीट वाचावयास शिकविणारा मात्र आपल्या शिक्षणक्रमात अद्याप कोठेच नाही. तो असावा, एवढी मागणी काही अवाजवी म्हणता येणार नाही.